सुळावरची पोळी

मॉस्कोच्या लुझनिकी मैदानावर मध्यरात्र उलटून गेली होती, पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता आणि चेल्सीचा कर्णधार जॉन टेरी पेनल्टीच्या ठिपक्यावर चेंडू ठेवत होता. २१ मे २००८ रोजी सुरू झालेला चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा, तो अंतिम सामना जादा वेळेनंतरही १-१ असा बरोबरीत राहिला होता. निकालासाठी आळीपाळीने पेनल्टी मारायच्या शूटआउटमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या क्रिस्तियानो रोनाल्डोची किक चेल्सीचा गोलरक्षक पीटर चेकने अडवली होती, त्यामुळे टेरीने चेंडू जाळ्यात धाडला की चेल्सी पहिल्यांदाच युरोपचा विजेता ठरणार होता. टेरी धावत आला, ऐन वेळी त्याचा टेकूचा पाय ओल्या गवतावरून निसटला आणि चेंडू गोलखांबाला बाहेरच्या अंगाने लागून निघून गेला. पुढे निकोला अनेल्काची किक अडवली गेली आणि युनायटेड जिंकले. चेल्सीचे मॅनेजर अव्राम ग्रँट यांनी सप्टेंबरमध्ये, हंगाम सुरू झाल्यावर संघ हाती घेतला होता. प्रीमियर लीगमध्ये विजेत्यांपेक्षा दोनच गुण कमी मिळवून त्यांनी संघाला दुसऱ्या क्रमांकावर आणले होते आणि युरोपच्या विजेतेपदापासून ते एका पावलावर उभे होते. ते पाऊल घसरले, तेही दुसऱ्याचे. तीन दिवसांनी त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

चार वर्षांनी, १९ मे २०१२ रोजी, हाच क्लब पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. सामना म्युनिकमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्धी बायर्नच्या घरच्या मैदानावर होता. ८३व्या मिनिटाला थॉमस म्युलरने बायर्नला आघाडी मिळवून दिली, ८८व्या मिनिटाला कॉर्नरवर दिदिए ड्रोग्बाने डोक्याने बरोबरी साधली, जादा वेळेत आर्येन रॉबेनची पेनल्टी चेकने अडवली आणि शूटआउटमधली निर्णायक किक ड्रोग्बाने शांतपणे जाळ्यात सरकवली. मार्चमध्ये हंगामी म्हणून नेमल्या गेलेल्या रॉबर्तो दी मात्तेओ यांनी, क्लबच्या इतिहासात कोणालाच जमले नव्हते ते करून दाखवले होते. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी, युव्हेंटसकडून ३-० अशी हार पत्करल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनाही नारळ मिळाला.

या दोन रात्री माझ्या मनात नेहमी जोडीनेच येतात. किक हुकली म्हणून एकाची खुर्ची तीन दिवसांत गेली आणि किक साधली तरी दुसऱ्याची सहा महिन्यांत गेली. मोठ्या फुटबॉल क्लबच्या मॅनेजरपदाला मराठीत शोधूनही सापडणार नाही इतके चपखल नाव आपल्याकडे आधीपासून आहे: सुळावरची पोळी. ती खायला चढणारा माणूस वेडा असतो असे मात्र मला कधीच वाटले नाही. गेली कित्येक वर्षे मी सामने पाहताना चेंडूइतकेच लक्ष टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर, येरझाऱ्या घालणाऱ्या त्या माणसाकडे ठेवत आलो आहे आणि माझी अशी धारणा झाली आहे की, त्याला ओढणारी गोष्ट आणि त्याला पाडणारी गोष्ट एकच आहे. हा खेळ त्याला दुसऱ्यांच्या पायांनी खेळावा लागतो.

इंग्लंडमध्ये या पदाला मॅनेजर म्हणत आणि युरोपातल्या इतर बऱ्याच देशांत मुख्य प्रशिक्षक. तो फरक नुसता नावाचा नव्हता. जुन्या इंग्लिश पद्धतीत मॅनेजर हा क्लबचा खरा कर्ताधर्ता असे. कोणता खेळाडू विकत घ्यायचा, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, सोळा वर्षांच्या मुलांना कोणत्या पद्धतीने घडवायचे इथपर्यंत त्याचाच शब्द चाले. आर्सेन वेंगर १९९६ ते २०१८ अशी २२ वर्षे आर्सेनलमध्ये राहिले, ते असे सर्व बाजूंनी क्लबला व्यापून. आता बहुतेक मोठ्या क्लबांत क्रीडा संचालक असतो, नवे खेळाडू हेरणाऱ्यांची स्वतंत्र फळी असते, आकडेवारीचे विश्लेषक असतात आणि खेळाडूंच्या खरेदीविक्रीचा शेवटचा शब्द बहुधा मालकाच्या दालनात उच्चारला जातो. अधिकार असे चार जणांत वाटले गेले, जबाबदारी मात्र वाटली गेली नाही. सामना हरल्यावर पत्रकारांसमोर जाऊन बसायला एकट्या मॅनेजरलाच जावे लागते आणि ज्या खेळाडूची निवड त्याने केलीच नव्हती त्याच्या चुकीचे खापर निमूटपणे स्वतःच्या डोक्यावर फोडून घ्यावे लागते.

शिवाय दर आठवड्याला त्याला एक काम करावे लागते, ज्याच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. चमूत २५ खेळाडू असतील तर त्यांतले ११ सुरुवातीपासून खेळतात. उरलेले १४ जण, ज्यांतल्या बहुतेकांनी लहानपणापासून स्वतःपेक्षा चांगला खेळाडू संघात पाहिलेलाच नसतो, त्या आठवड्यापुरते नाकारले गेलेले असतात. त्यांतल्या एखाद्याला दार लोटून खोलीत बोलवायचे, उद्या तू नाहीस असे सांगायचे, कारण द्यायचे, आणि ते कारण त्याला पटले नाही तरी पुढच्या बुधवारी ६०व्या मिनिटाला मैदानात उतरून त्याने जीव ओतून धावावे अशी अपेक्षा ठेवायची. हे जमले नाही तर ड्रेसिंग रूम हातची गेली असे म्हणतात. ती एकदा गेली की फळ्यावरचे डावपेच कितीही अचूक असले तरी उपयोगाचे राहत नाहीत, कारण त्या डावपेचांवर विश्वास ठेवून पळायचे असते ते याच पंचवीस जणांना.

तरीही माणसे या पदासाठी जिवाचे रान करतात. त्यामागे काय असते, हे पाहायला २००९च्या मे महिन्यात जावे लागेल.

बार्सिलोनाने २००८च्या उन्हाळ्यात जोसेप ग्वार्दिओला यांना मुख्य संघ सोपवला तेव्हा ते ३७ वर्षांचे होते आणि त्यांच्या गाठीला क्लबच्या ब संघाच्या एका हंगामाचा अनुभव होता. त्यांनी रोनाल्डिन्यो आणि डेको यांना निरोप दिला, सर्जियो बुस्केट्स आणि पेद्रो या ब संघातल्या पोरांना वर आणले आणि लीगचा पहिलाच सामना नुमान्सियासारख्या चिमुकल्या क्लबकडून १-० असा हरले. दुसऱ्या सामन्यात रासिंग सांतांदेरशी बरोबरी झाली. दोन सामन्यांत एक गुण, ही अशा क्लबात गळा कोरडा पडावा अशी सुरुवात होती. पण हंगाम सरत आला तेव्हा बार्सिलोना आघाडीवर होता आणि २ मे २००९ रोजी माद्रिदमध्ये, रेआल माद्रिदच्या मैदानावर, लीगचा जणू निकालच लागणार होता. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ग्वार्दिओला आपल्या खोलीत माद्रिदच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहत बसले होते. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली: माद्रिदचे मधल्या फळीतले खेळाडू चेंडूवर झडप घालायला पुढे जातात तेव्हा त्यांचे दोन मध्य बचावपटू, फाबियो कान्नावारो आणि क्रिस्तोफ मेट्झेल्डर, मागेच थांबतात आणि मध्ये एक मोठी मोकळी जागा राहते. त्यांनी लिओनेल मेस्सीला बोलावून घेतले आणि ती जागा दाखवली. उद्या तू उजव्या बाजूला सुरुवात कर, पण मी खूण केली की आघाडीच्या मध्यावर ये आणि तिथून मागे सरकून या जागेत उभा राहा, अशी ती योजना होती.

दुसऱ्या दिवशी मेस्सी त्या जागेत उभा राहिला आणि दोन्ही बचावपटूंना काय करावे ते कळेना. पुढे जावे तर मागे मोकळे रान, थांबावे तर मेस्सी चेंडू घेऊन अंगावर येणार. बार्सिलोनाने तो सामना ६-२ असा जिंकला, त्या महिन्याच्या अखेरीस युरोपचे विजेतेपदही मिळवले आणि लीग, स्पेनचा कप आणि युरोप असा तो हंगाम तिहेरी मुकुटाचा ठरला. मला त्यातले करंडक तितकेसे महत्त्वाचे वाटत नाहीत. एका माणसाला संध्याकाळी एकट्याने पडद्याकडे पाहताना एक कल्पना सुचते आणि चोवीस तासांच्या आत ती हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्या माणसाच्या चालण्यातून, वळण्यातून, थांबण्यातून जिवंत होते. लेखकाला वाचकाची वाट पाहावी लागते, वास्तुशिल्पज्ञाला इमारत उभी राहायला वर्षे लागतात, इथे मात्र विचार आणि त्याचे रूप यांत एका रात्रीचे अंतर असते. हे सुख एकदा ज्याने भोगले त्याला ते सोडवत नसावे, याचे मला कधी आश्चर्य वाटले नाही.

अशा सुखाला काही वेळा रात्रीचीही मुदत मिळत नाही, पंधरा मिनिटांची मिळते. २५ मे २००५ रोजी इस्तंबूलमध्ये मध्यंतराला लिव्हरपूल एसी मिलानविरुद्ध ३-० असा मागे होता. लिव्हरपूलचे मॅनेजर राफाएल बेनिटेझ यांचा क्लबमधला तो पहिलाच हंगाम होता आणि त्यांचे इंग्रजी अजून पुरते रुळलेले नव्हते. ड्रेसिंग रूममध्ये त्यांनी बचावपटू जिमी त्राओरेला बसवायचे ठरवले, त्याप्रमाणे तो बूट काढून आंघोळीला निघालासुद्धा, तेवढ्यात स्टीव्ह फिननच्या दुखापतीमुळे तो उत्तरार्धात टिकणार नाही अशी खबर फिजिओने दिली. त्राओरेला पुन्हा बूट चढवायला सांगण्यात आले, फिननच्या जागी डिटमार हामान आला, बचावात तिघे ठेवून मधली फळी भरण्यात आली. ५४व्या, ५६व्या आणि ६०व्या मिनिटाला तीन गोल झाले आणि लिव्हरपूलने तो करंडक शूटआउटमध्ये जिंकला. त्या गडबडीत, घामाच्या वासात आणि वरून ऐकू येणाऱ्या गाण्यांच्या आवाजात एका माणसाने फळ्यावरची नावे पुसून पुन्हा लिहिली, एवढेच खरे तर घडले होते. पण मिलानच्या बाकाकडेही पाहायला हवे. तिथे कार्लो आन्चेलोत्ती होते, ज्यांनी मध्यंतरापर्यंत एकही चूक केलेली नव्हती. सहा मिनिटांत सगळे हातातून गेले तेव्हा ते रेषेच्या अलीकडे उभे राहून पाहण्यापलीकडे फार काही करू शकले नाहीत. दोन वर्षांनी अथेन्समध्ये त्यांनी याच लिव्हरपूलला हरवून करंडक परत मिळवला आणि पुढे मॅनेजर म्हणून पाच वेळा ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले ठरले, हे खरे. सगळ्यांना मात्र दोन वर्षे थांबण्याची मुभा मिळत नाही.

थांबण्याच्या मुभेविषयी बोलायचे तर अॅलेक्स फर्ग्युसन यांचे नाव टाळता येत नाही. नोव्हेंबर १९८६मध्ये ते मँचेस्टर युनायटेडमध्ये आले आणि त्यांच्या पहिल्या चार हंगामांत संघ अकरावा, दुसरा, अकरावा आणि तेरावा आला. आजच्या कोणत्याही मोठ्या क्लबात हे आकडे वाचूनच लोक उठून उभे राहतील. ७ जानेवारी १९९० रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एफए कपचा, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा, सामना होता आणि तो हरला तर फर्ग्युसन यांची गच्छंती अटळ आहे असे सगळीकडे बोलले जात होते. मार्क ह्यूजने बुटाच्या बाहेरच्या बाजूने वळवून चेंडू आत टाकला, वीस वर्षांच्या मार्क रॉबिन्सने डोके लावले आणि युनायटेड १-० असा जिंकला. क्लबच्या संचालकांनी पुढे सांगितले की फर्ग्युसन यांना काढण्याचा विचार नव्हताच. तसे असेलही. तो कप मे महिन्यात युनायटेडने जिंकला, १९९३मध्ये २६ वर्षांनंतर लीगचे विजेतेपद आले आणि २०१३मध्ये निवृत्त होईपर्यंत अशी १३ विजेतेपदे फर्ग्युसन यांच्या नावावर जमा झाली.

त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉइज यांना क्लबने सहा वर्षांचा करार दिला होता. एव्हर्टनमध्ये त्यांनी ११ वर्षे निष्ठेने काम केले होते आणि त्यांची निवड स्वतः फर्ग्युसन यांनी केली होती. दहा महिन्यांनी, एप्रिल २०१४मध्ये, संघ सातव्या क्रमांकावर असताना त्यांना काढण्यात आले. त्या काळात त्यांचा चेहरा आठवड्यागणिक ओढलेला दिसत गेला, हे ज्यांनी ते सामने पाहिले त्यांना आठवत असेल. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या डोक्यावरून त्यांच्या हकालपट्टीची मागणी करणारा फलक घेऊन विमान फिरवले गेले. त्यांच्या मागे लागलेले अपयशाचे लेबल पुसायला पुढची नऊ वर्षे लागली, तेव्हा कुठे २०२३मध्ये वेस्ट हॅमबरोबर त्यांनी कॉन्फरन्स लीग जिंकली.

क्लबांना एवढी घाई का असते, याची कारणे समजण्यासारखी आहेत, मला ती पटत नसली तरी. चॅम्पियन्स लीगमधली जागा हुकली की उत्पन्नाला मोठे भगदाड पडते. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्यासारख्या क्लबांत सभासद अध्यक्ष निवडतात, म्हणजे अध्यक्षाला निवडणुकीचा विचार करावा लागतो. आणि सगळ्यांत साधे कारण असे की संघ हरत असेल तर पंचवीस खेळाडू हंगामाच्या मध्यावर बदलता येत नाहीत, एक माणूस बदलता येतो. पी हळद अन् हो गोरी, हा हिशोब त्यातून येतो. माद्रिदने १९९८मध्ये युप हाइंकेस यांना युरोपचे विजेतेपद जिंकून दिल्यावर लगेच निरोप दिला. विसेंते देल बोस्के यांनी दोन वेळा युरोपचे आणि दोन वेळा लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते, तरी २००३मध्ये लीग जिंकल्याला जेमतेम दोन दिवस झाले असतील नसतील, तोच त्यांचा करार पुढे न वाढवण्याचा निर्णय जाहीर झाला. माद्रिदला पुढचे लीग विजेतेपद मिळायला २००७ उजाडले. देल बोस्के यांनी स्पेनला २०१०चा विश्वचषक जिंकून दिला. लेस्टरसारख्या क्लबला २०१६मध्ये इंग्लंडच्या लीगचा विजेता करणाऱ्या क्लाउदियो रानिएरी यांना त्यानंतर दहा महिनेही धड मिळाले नाहीत.

पैशाचा धोका मॅनेजरला नसतो, हे मान्य करायला हवे. उरलेल्या कराराची भरपाई त्याला मिळते आणि ती अवाढव्य असते. अँतोनियो काँते आणि त्यांच्या साहाय्यकांना काढण्यापोटी चेल्सीला २ कोटी ६६ लाख पौंडांचा खर्च आल्याचे क्लबच्याच ताळेबंदात नोंदले गेले आहे. म्हणून या माणसांची कीव कशाला करायची, असे माझे काही मित्र मला विचारतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण नाव गमावण्याची भरपाई कोणत्याही करारात लिहिलेली नसते. आंद्रे व्हिलास-बोआस यांनी वयाच्या ३३व्या वर्षी पोर्टोला अपराजित राखून लीग आणि त्याच हंगामात युरोपा लीग जिंकून दिली. त्यांना पोर्टोच्या करारातून सोडवून घेण्यासाठी चेल्सीने २०११मध्ये दीड कोटी युरो मोजले. त्यांनी वयाने जवळपास आपल्याच बरोबरीच्या, क्लबमध्ये मुरलेल्या खेळाडूंना बाजूला सारून नवा संघ उभारायला घेतला आणि नऊ महिने पुरे व्हायच्या आत त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी त्यांचेच साहाय्यक दी मात्तेओ आले, ज्यांची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली. व्हिलास-बोआस यांनी पुढे इतरत्र काम केले, रशियात लीगही जिंकली, पण युरोपच्या सर्वांत वरच्या पंगतीतले बोलावणे त्यांना पुन्हा आले नाही. २०२४मध्ये ते पोर्टोचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. जानेवारी २०२५मध्ये त्यांच्याच क्लबने हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षकाला काढले, तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत ते बसले होते. दोन्ही बाजूंनी तो क्षण अनुभवलेल्या माणसाला त्या दिवशी काय वाटले असेल, याचा मी बराच वेळ विचार करत राहिलो.

शरीराचा हिशोब याहून वेगळा आणि जास्त कडक आहे. १९६७मध्ये सेल्टिकला युरोपचे विजेतेपद मिळवून देणारे, म्हणजे ते मिळवणाऱ्या पहिल्या ब्रिटिश क्लबचे मॅनेजर जॉक स्टीन पुढे स्कॉटलंडचे मॅनेजर झाले. १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफमध्ये वेल्सविरुद्धचा पात्रता सामना संपत आला असताना ते बाकाजवळच कोसळले आणि त्या रात्री गेले. ते ६२ वर्षांचे होते. त्यांचा साहाय्यक म्हणून तिथे हजर होते अॅलेक्स फर्ग्युसन. या धंद्याची किंमत इतक्या जवळून पाहिल्यानंतर चौदा महिन्यांच्या आत त्यांनी मँचेस्टर युनायटेडची जबाबदारी घेतली, ही गोष्ट त्यांच्या करंडकांच्या यादीपेक्षा मला अधिक विचारात पाडते. योहान क्रायफ यांच्या हृदयावर १९९१च्या फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते बार्सिलोनाचे मॅनेजर होते. सिगारेट सुटली, मग बाकावर बसून ते काडीला लावलेली गोळी चोखू लागले, पण बाक सुटला नाही. लिव्हरपूलचे मॅनेजर जेरार उलिए यांना ऑक्टोबर २००१मध्ये लीड्सविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात छातीत दुखू लागले, महाधमनी फाटल्याचे निष्पन्न झाले, अकरा तासांची शस्त्रक्रिया झाली आणि पाच महिन्यांनी ते पुन्हा लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर उभे होते. ग्वार्दिओला यांनी चार वर्षांत १४ करंडक जिंकून २०१२मध्ये बार्सिलोना सोडले तेव्हा आपण रिते झालो आहोत असे सांगितले आणि वर्षभर खेळापासून दूर राहिले. युर्गेन क्लॉप यांनी जानेवारी २०२४मध्ये लिव्हरपूल सोडण्याचा निर्णय जाहीर केला त्या दिवशी संघ तक्त्यात सर्वांत वर होता. कारण त्यांनी एकच दिले, की आपली ऊर्जा संपत चालली आहे.

या सगळ्यांत केनी डॅल्ग्लिश यांची हकिगत माझ्या मनाला सर्वांत जास्त लागून राहिली आहे. लिव्हरपूलचे ते लाडके खेळाडू होते आणि १९८५पासून खेळाडू-मॅनेजर. १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या ९७ समर्थकांचा अंत झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत डॅल्ग्लिश अंत्यविधींना जात राहिले, एका दिवशी तर चार अंत्यविधींना. शोकाकुल कुटुंबांच्या शेजारी बसणे हे कोणत्याही मॅनेजरच्या करारात नसते, पण ते त्यांनी आपले काम मानले आणि स्वतःसाठी काही मागितले नाही. पुढच्या वर्षी संघाने लीगही जिंकली. २० फेब्रुवारी १९९१ रोजी एफए कपच्या सामन्यात लिव्हरपूलने एव्हर्टनविरुद्ध चार वेळा आघाडी घेतली आणि चारही वेळा ती गमावली; सामना ४-४ असा सुटला. बचाव सावरायला कोणता बदल करायला हवा हे आपल्याला स्वच्छ दिसत होते, पण तो करण्याचा निर्णय आपल्याला घेताच येत नव्हता, असे डॅल्ग्लिश यांनी नंतर सांगितले आहे. ज्याची सगळी हयात चेंडू येण्याआधीच कुठे जायचे हे ठरवण्यात गेली, तो माणूस टचलाइनवर उभा आहे, काय करायचे ते त्याला कळते आहे आणि तोंडून शब्द निघत नाही. दोन दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला. संघ तेव्हा लीगमध्ये आघाडीवर होता.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये रुजू झाले. १४ मे १९९५ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, ब्लॅकबर्नला विजेतेपदासाठी जिंकणे पुरेसे होते आणि सामना नेमका अॅनफिल्डवर, लिव्हरपूलशी होता. शेवटच्या क्षणी जेमी रेडनॅपच्या फ्री किकवर लिव्हरपूलने २-१ अशी आघाडी घेतली. डॅल्ग्लिश यांच्या हातात आता काहीच उरले नव्हते. विजेतेपद ठरणार होते लंडनमध्ये, वेस्ट हॅम आणि मँचेस्टर युनायटेड यांच्या सामन्यात, जिथल्या एकाही खेळाडूला ते काही सांगू शकत नव्हते. काही क्षणांत तिकडे १-१ अशी बरोबरी झाल्याची बातमी येऊन थडकली आणि बाकावरची माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. हरलेला सामना, ८१ वर्षांनी आलेले विजेतेपद, एका गुणाचे अंतर, आणि चार वर्षांपूर्वी ज्या मैदानावरच्या कामाने ते पुरते थकले होते तेच मैदान.

त्या उन्हाळ्यात ते बाक सोडून संचालकाच्या कामाकडे वळले. जानेवारी १९९७मध्ये न्यूकॅसलच्या बाकावर आले. आणि जानेवारी २०११मध्ये, राजीनाम्याला वीस वर्षे होत आली असताना, लिव्हरपूलने पुन्हा हाक दिली तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर असलेले डॅल्ग्लिश पुन्हा गेले. ५ मे २०१२ रोजी वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात त्यांचा संघ चेल्सीविरुद्ध २-१ असा मागे होता. अखेरच्या दहा मिनिटांत अँडी कॅरोलने डोक्याने मारलेला चेंडू पीटर चेकने गोलरेषेवरून वर उचलला. चेंडू रेषेच्या पूर्ण पलीकडे गेला होता की नाही यावर खेळाडूंनी पंचांना घेराव घातला आणि पंचांनी गोल दिला नाही. तेव्हा गोलरेषेचे तंत्रज्ञान वापरात नव्हते. एका टचलाइनवर डॅल्ग्लिश डोळे ताणून त्या रेषेकडे पाहत होते आणि दुसऱ्या टचलाइनवर दी मात्तेओ. डॅल्ग्लिश यांना क्लबने अकरा दिवसांनी, १६ मे रोजी, निरोप दिला. दी मात्तेओ त्यानंतर तिसऱ्या दिवशी म्युनिकमध्ये होते.